मत मागताना ओळख: प्रचारसभेचे भाषण आणि कायद्याची रेषा

संबोधनात काय ठरते

प्रचारसभेत वक्ता माईकसमोर उभा राहतो तेव्हा मुद्द्याला हात घालण्याआधी समोर कोण बसले आहे ते तो ठरवून टाकतो. 'शेतकरी बांधवांनो' म्हटले की सगळे मैदान शेतकऱ्यांचे होते. 'लाडक्या बहिणींनो' म्हटले की तेच मैदान बायकांचे होते. खरे तर समोरच्या एकाच बाईमध्ये शेतमजूर, मराठी बोलणारी, एखाद्या जातीत जन्मलेली, कुठल्या तरी देवाला हात जोडणारी, बचत गटाचा हप्ता भरणारी आणि दोन मुलांची आई अशा कितीतरी बायका असतात. वक्ता त्यांतल्या एकीला हाक मारतो आणि पुढचा तासभर तिच्याशीच बोलतो.

शिवसेनेच्या भाषणांत हे फार स्पष्ट दिसते. १९ जून १९६६ रोजी पक्ष स्थापन झाला आणि ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला, तेव्हा हाक मराठी माणसाला होती आणि विषय मुंबईतल्या नोकऱ्यांचा होता. ऐंशीच्या दशकात पक्ष हिंदुत्वाकडे वळला आणि 'जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' ही बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणाची खूणच झाली. जानेवारी २०२०मध्ये राज ठाकरे यांनी आपल्या वेगळ्या पक्षाचा नवा भगवा झेंडा आणला, त्या अधिवेशनात त्यांनीही मराठीच्या जागी हीच हाक घेतली. मार्च २०२४मध्ये शिवाजी पार्कवर विरोधी आघाडीच्या सभेत उद्धव ठाकरे यांनी 'देशभक्त बांधवांनो' म्हटले, तर त्या एका बदलावरून विरोधकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पक्ष कुठून कुठे निघाला आहे, हे जाहीरनाम्याच्या आधी संबोधनात कळते.

प्रचारात ओळख येणारच, आणि यायलाही हवी. ज्याला जातीमुळे विहिरीवर पाणी मिळाले नाही, भाषेमुळे कचेरीत हेलपाटे पडले किंवा धर्मामुळे भाड्याने घर मिळाले नाही, त्याने मत देताना ते विसरावे, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. वक्ता ओळखीचे नाव घेऊन पुढे सरकारकडे काही मागतो का, की नाव घेतले तिथेच भाषण संपते?

'मी तुमच्यातलाच'

ओळखीचा सर्वांत साधा वापर म्हणजे दाखला. ग्रामदैवताला वंदन, तालुक्याच्या मातीचा उल्लेख, 'माझं आजोळ इथलं', 'माझी सासुरवाडी शेजारच्या गावची'. उमेदवार बाहेरचा असेल तर विरोधक 'हे पार्सल परत पाठवा' म्हणतात आणि आपला तो भूमिपुत्र ठरतो. हा दाखला निरुपद्रवी वाटतो आणि बहुतेक वेळा असतोही. पण त्यातून उमेदवार काय करणार आहे, हे अजिबात कळत नाही.

जात मात्र ग्रामीण महाराष्ट्रात माईकवरून क्वचितच उच्चारली जाते. तिचे काम व्यासपीठ करते. कोण कुणाच्या शेजारी बसले, स्वागताच्या यादीत कुणाचे नाव आधी आले, कुठल्या महापुरुषाच्या प्रतिमेला कुणी हार घातला, हे मैदानातला प्रत्येक जण वाचत असतो. उघड बोलणे होते ते समाजाच्या बैठकीत, बंद मंगल कार्यालयात. तिथे लाउडस्पीकर नसतो आणि पोलिसांचा कॅमेराही नसतो. प्रचाराच्या भाषणांवरून जातीचे राजकारण मोजायला निघालेल्या माणसाच्या हाती म्हणूनच थोडेच लागते.

गाऱ्हाणे आणि मागणी

ओळखीला मागणीची जोड मिळाली की काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण १९५७चे आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेकाप होता, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन होते. एरवी एकमेकांच्या सभा उधळणारी ही माणसे एका मंचावर आली. एस. एम. जोशी, डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार यांची भाषणे ऐकायला माणसे रात्र रात्र बसत. ओळख भाषेची होती आणि मागणी नेमकी होती: मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य. ती पूर्ण झाली की नाही, हे कुणालाही तपासता येणार होते. त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला आणि १ मे १९६० रोजी राज्य झाले.

याच आघाडीतून दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी पुढे जो लढा दिला, त्यात जातीचे वास्तव आणि जमिनीचा प्रश्न एकत्र होता. दलित मतदाराला 'जातीवर बोलू नका' म्हणणे म्हणजे त्याच्या जमिनीवर बोलू नका म्हणणे होते.

गोव्याचा अनुभव आणखी शिकवणारा आहे. १९६३च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने बहुजन समाजाला साद घातली आणि महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी मांडली. लोकांनी त्यांना सत्ता दिली. मग १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि विरोधाचे दोन पाने. १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली, १,७२,१९१ विरोधात. मराठी की कोकणी, महाराष्ट्र की वेगळा गोवा, हा वाद घराघरांत पेटला होता. विलीनीकरणवादी हरले. आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी विधानसभेच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. कुळाची जमीन, शाळा, बहुजनांचा मान या गोष्टी एका ओळखीतून आल्या होत्या आणि गोवा वेगळा राहावा ही इच्छा दुसऱ्या ओळखीतून. मतदाराने दोन्ही जपल्या. 'अमुक समाजाची मते' असा घाऊक हिशेब मांडणाऱ्यांनी हा निकाल नीट वाचावा.

धाक

तिसरा वापर भीतीचा. त्यात 'आपण' कोण हे 'ते' कोण यावरून ठरते. २०२४ हे वर्ष महाराष्ट्रासाठी या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी भीतीची भाषा वापरली. लोकसभेला विरोधकांनी सांगितले की भाजपला चारशे जागा मिळाल्या तर संविधान बदलले जाईल. भाजपच्याच काही नेत्यांच्या विधानांमुळे त्या भीतीला आधार मिळाला आणि दलित वस्त्यांमध्ये ती खोल पोहोचली. महाविकास आघाडीला ४८पैकी ३० जागा मिळाल्या. विधानसभेला योगी आदित्यनाथ यांची 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा राज्यात आली आणि ८ नोव्हेंबरला धुळ्याच्या सभेपासून पंतप्रधान मोदी 'एक हैं तो सेफ हैं' म्हणू लागले. काँग्रेस जातीजातींत फूट पाडते आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. महायुतीतल्याच अजित पवारांनी हे महाराष्ट्रात चालणार नाही, असे जाहीरपणे म्हटले. पंकजा मुंडे यांनीही अशा घोषणेची इथे गरज नसल्याचे सांगितले. २३ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा एकट्या भाजपच्या १३२ जागा होत्या. त्यात घोषणेचा वाटा किती आणि 'लाडकी बहीण' योजनेतून बायकांच्या खात्यात जमा झालेल्या पैशांचा किती, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

दोन्ही भीतींत माझ्या मते एक फरक करता येतो. संविधान बदलण्याच्या आरोपावर 'कोण म्हणाले, कुठले कलम' असे विचारता येते, आणि उत्तर देण्याची जबाबदारी पक्षावर येते. कापले जाण्याच्या भीतीबाबत तसे काही विचारता येत नाही, कारण तिथे धोका धोरणाचा नसून शेजारी राहणाऱ्या माणसांचा असतो. अशी भीती सभा संपली तरी गल्लीत राहते.

कायदा काय रोखतो

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम १२३मध्ये निवडणुकीतल्या 'भ्रष्ट आचरणां'ची यादी आहे. त्यातल्या पोटकलम ३नुसार उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे 'मत द्या' किंवा 'देऊ नका' असे आवाहन केले, तर ते भ्रष्ट आचरण ठरते. सिद्ध झाले तर निवड रद्द होते आणि दोषी व्यक्तीला सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. ३-क हे पोटकलम वर्गावर्गांत वैर वा द्वेष पसरवण्याबद्दल आहे. कलम १२५ त्याच कृत्याला फौजदारी गुन्हा मानते आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगते.

ही तरतूद आरंभी इतकी कडक नव्हती. आधी फक्त 'पद्धतशीर' आवाहनाला मनाई होती, म्हणजे एखाददुसरे वाक्य सुटून जाई. १९६१च्या दुरुस्तीने ती अट काढली आणि भाषेचा समावेश केला. १९५७ची निवडणूक भाषेवर लढली गेली तेव्हा कायद्यात भाषा नव्हतीच, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण भाषेसाठी मागणी करणे आणि भाषेवर मत मागणे यांत न्यायालयाने लवकरच फरक केला. १९६२ साली झज्जरहून निवडून आलेल्या जगदेवसिंग सिद्धान्ती यांच्या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाषेचे जतन करण्याचे, तिच्यासाठी आंदोलन करण्याचे आश्वासन हे भ्रष्ट आचरण नाही. राज्यघटनेचे २९वे कलमच तो हक्क देते. 'मराठी शाळा टिकवू' म्हणणारा उमेदवार म्हणूनच सुरक्षित आहे. 'मी मराठी आहे म्हणून मत द्या' म्हणणारा नाही. त्याच वर्षी पंजाबातल्या कुलतारसिंग खटल्यात मूळचे साताऱ्याचे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी आणखी एक शहाणी गोष्ट सांगितली: निवडणुकीच्या दिवसांत भावना तापलेल्या असतात, अतिशयोक्ती होते, तेव्हा एखादे वाक्य सुटे काढू नका, सगळे भाषण एकत्र वाचा. आज अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवर माणसाचा निवाडा करणाऱ्या आपणा सगळ्यांना ती सूचना लागू आहे.

कुंभारवाडा, विलेपार्ले, दादर

या कलमाचा अर्थ लावणारे तीन महत्त्वाचे खटले एकट्या मुंबईतून गेले.

पहिला १९७२च्या विधानसभा निवडणुकीतला. कुंभारवाड्यातून झियाउद्दीन बुखारी मुस्लिम लीगतर्फे निवडून आले. त्यांचे काँग्रेसचे प्रतिस्पर्धी चागला हेही मुसलमानच. बुखारींनी भाषणांत सुचवले की चागला खरे मुसलमान नाहीत. निवड रद्द झाली आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. दोन्ही उमेदवार एका धर्माचे असले तरी 'खरा कोण' हा सवाल मतासाठी वापरणे भ्रष्ट आचरणच, हे या निकालाने ठरले. ध्वनिफीत पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, हेही याच निकालात स्पष्ट झाले, आणि सभांच्या राजकारणात त्यानंतर टेपरेकॉर्डरला वजन आले.

दुसरा खटला विलेपार्ल्याचा. डिसेंबर १९८७मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली. मुंबईचे तेव्हाचे महापौर डॉ. रमेश प्रभू शिवसेनेच्या पाठिंब्यावर उभे होते, समोर काँग्रेसचे प्रभाकर कुंटे. बाळासाहेब ठाकरे यांनी प्रचाराच्या सभांत हिंदुत्वासाठी मत मागितले आणि मुसलमानांविषयी जहाल भाषा वापरली. प्रभू जिंकले. कुंट्यांनी याचिका केली, एप्रिल १९८९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठाने ते कायम केले. पुढे १९९९ साली निवडणूक आयोगाच्या मतानुसार राष्ट्रपतींनी ठाकरे यांचा मताधिकार काढला. डिसेंबर १९९५पासूनची सहा वर्षे धरून ती बंदी डिसेंबर २००१पर्यंत होती. भाषणासाठी एवढ्या मोठ्या नेत्याला अशी शिक्षा होणे दुर्मीळच.

या निकालात एक वाक्य असेही आले की 'हिंदुत्व' हा शब्द आला म्हणजे धर्माचेच आवाहन झाले असे आपोआप मानता येत नाही, तो जीवनपद्धतीचा वाचकही असू शकतो. ज्या निकालाने हिंदुत्वाच्या नावाने केलेला प्रचार दोषी ठरवला, त्यातले हे वाक्य पुढे हिंदुत्वाला न्यायालयाचे प्रमाणपत्र म्हणून सभासभांतून फिरले. निकाल पूर्ण वाचणाऱ्याला हा अन्याय वाटतो, मला तरी वाटतो.

त्याच दिवशी, त्याच पीठाने, मनोहर जोशी यांचा निकाल दिला. १९९०च्या निवडणुकीत दादरचे उमेदवार असताना त्यांनी शिवाजी पार्कवरच्या सभेत म्हटले होते की पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाचवली: असे विधान कितीही निंद्य असले तरी ती फार तर एक आशा आहे, उमेदवाराच्या धर्मावर मत मागणे नव्हे. निकाल लागला तेव्हा जोशी मुख्यमंत्री होते.

विलेपार्ले आणि दादर शेजारी ठेवून पाहिले की रेषा किती बारीक आहे ते दिसते. 'उमेदवार हिंदू आहे, त्याला मत द्या' हे रेषेपलीकडे. 'आमचे राज्य आले तर ते हिंदू राज्य असेल' हे अलीकडे. मैदानातल्या माणसाच्या कानाला यांत फारसे अंतर जाणवत असेल, असे मला वाटत नाही.

सर्वनामावर अडलेला प्रश्न

कलमात 'त्याच्या' धर्माच्या आधारे असे म्हटले आहे. 'त्याच्या' म्हणजे कुणाच्या? उमेदवाराच्या फक्त, की मतदाराच्याही? १९९०मध्ये सांताक्रूझहून निवडून आलेले भाजपचे अभिराम सिंह यांची निवड १९९१ साली रद्द झाली होती, आणि त्यांच्या अपिलातून हा प्रश्न सात न्यायाधीशांपुढे गेला. उत्तर २ जानेवारी २०१७ रोजी आले, चार विरुद्ध तीन.

बहुमतात सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, मदन लोकूर, नागपूरचे शरद बोबडे आणि एल. नागेश्वर राव होते. त्यांनी म्हटले, निवडणूक हे धर्मनिरपेक्ष काम आहे. म्हणून उमेदवार, त्याचा प्रतिनिधी आणि मतदार, कुणाच्याही धर्म-जाती-भाषेचा आधार घेता येणार नाही. असहमतीत धनंजय चंद्रचूड, उदय लळित आणि आदर्श गोयल. चंद्रचूड यांनी लिहिले की जात, धर्म, भाषा यांमुळे या देशात माणसांना शतकानुशतके वंचित ठेवले गेले. त्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलण्याचीच बंदी घातली तर लोकशाही कोरडी कल्पना होऊन बसेल.

कायदा आज बहुमताचा आहे. पण मला असहमतीचा निकाल वास्तवाच्या जवळचा वाटतो. मतदाराची ओळख पूर्ण वगळायची म्हटले तर फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन शिष्यवृत्ती मागणारा कार्यकर्ता आणि शेजाऱ्याची भीती घालणारा पुढारी एकाच पिंजऱ्यात उभे करण्याचा धोका राहतो. 'हिंदुत्व म्हणजे काय' हा १९९५चा प्रश्न मात्र या पीठाने उघडलाच नाही.

आयोग आणि आचारसंहिता

आदर्श आचारसंहितेतही जातीय वा धार्मिक भावनांना आवाहन करण्याची मनाई आहे, पण ती संसदेने केलेला कायदा नाही. आयोगाच्या हाती ताकीद आणि काही तासांची प्रचारबंदी असते. एप्रिल २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर आयोगाने योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना ७२ तास, मायावती आणि मनेका गांधी यांना ४८ तास गप्प बसवले. २०२४मध्ये पंतप्रधान मोदी आणि राहुल गांधी यांच्या भाषणांवरील तक्रारींच्या नोटिसा त्यांच्याऐवजी त्यांच्या पक्षाध्यक्षांना गेल्या. बोलणाऱ्याला थेट जाब विचारण्याची हिंमत आयोगाने दाखवायला हवी होती.

जे कलमात बसत नाही

प्रांताभिमान कुठल्याही पोटकलमात नाही. सप्टेंबर २०१९मध्ये ईडीच्या कारवाईवर बोलताना शरद पवार म्हणाले की महाराष्ट्र दिल्लीच्या तख्तापुढे झुकत नाही. छत्रपतींचा इतिहास त्या एका वाक्यात सामावला होता. पुढे १८ ऑक्टोबरला साताऱ्यात भर पावसात त्यांनी भाषण केले आणि शिवछत्रपतींचे वंशज असलेल्या उदयनराजे भोसले यांच्याविरुद्ध श्रीनिवास पाटील निवडून आले. अशा भाषणाला कायदा हात लावत नाही, आणि लावूही नये.

वेळेचे बंधनही आहे. भ्रष्ट आचरणाचा प्रश्न उमेदवारी दाखल झाल्यावरच येतो. त्याआधीच्या मेळाव्यांतले आणि यात्रांमधले बोलणे या कलमाखाली येत नाही. संमतीचा पुरावाही लागतो. अनोळखी क्रमांकावरून फिरणारी ध्वनिफीत उमेदवाराच्या संमतीने निघाली, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते, कारण इथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागितला जातो.

याचिका कोण करू शकतो

हरलेल्या उमेदवाराप्रमाणेच त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदाराला निवडणूक याचिका करता येते. कुंभारवाड्याची याचिका अशाच एका मतदाराने केली होती. निकालापासून ४५ दिवसांच्या आत ती थेट उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, दोन हजार रुपये अनामत भरावी लागते आणि भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर ठरावीक नमुन्यात प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. कोणती सभा, कोणती तारीख, कोणते वाक्य आणि कोण बोलले, हे तपशील याचिकेत सुरुवातीलाच लागतात. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. विलेपार्ल्याला अंतिम निकालासाठी आठ वर्षे लागली, आणि तोवर त्या विधानसभेची मुदत कधीच संपून गेली होती.